वेंचणें आणि निवडणें : आधुनिक अमेरिकन कवितेच्या संग्रहांविषयीं

आमच्या गांवच्या वाचनालयाच्या पुस्तक-समितीवर प्रस्तुत लेखक कांहीं वर्षें काम करीत आहे. हें काम बाहेरून वाटतें तितकें रसिकतेचें नसतें. पुस्तकांची यादी, विक्रेत्याचें बिल आणि वर्षअखेरची शिल्लक या तीन कागदांचा मेळ कसा घालावा, एवढाच बहुधा प्रश्न असतो. इंग्रजी विभागासाठीं आधुनिक अमेरिकन कवितेचा एकच संग्रह घेतां येईल असें ठरलें, तेव्हां फारशी चर्चा न होतां रिटा डव्ह यांनीं संपादिलेला व पेंग्विननें २०११ सालीं प्रसिद्ध केलेला विसाव्या शतकांतील अमेरिकन कवितेचा संग्रह आम्हीं मागविला. पुस्तक भरगच्च, संपादिका स्वतः पुलित्झर पारितोषिक मिळविलेल्या व अमेरिकेच्या राष्ट्रकवीचें पद भूषविलेल्या कवयित्री, विषय एक अख्खें शतक. याहून अधिक काय हवें? महिनाभरानें महाविद्यालयांत शिकणारी एक मुलगी तें पुस्तक परत घेऊन आली आणि टेबलावर ठेवीत म्हणाली, "काका, यांत सिल्व्हिया प्लाथ नाहीं, गिन्सबर्गहि नाहीं. पानें फाटलीं आहेत का?"

पानें फाटलेलीं नव्हतीं. तीं मुळांत छापलींच गेलीं नव्हतीं. प्लाथ, गिन्सबर्ग आणि निग्रो लोकगीतांचा सूर इंग्रजी पद्यांत आणणारा स्टर्लिंग ब्राउन या तिघांच्या कविता घेतां आल्या नाहींत, कारण त्यांच्या पुनर्मुद्रणाच्या परवानगीसाठीं मागितलेली रक्कम संग्रहाच्या अंदाजपत्रकांत बसण्यासारखी नव्हती, असें डव्हबाईंनीं स्वतःच सांगितलें आहे. मला हें ठाऊक होतें. पण त्या मुलीच्या प्रश्नापुढें तें उत्तर मला फार लंगडें वाटलें. एखाद्या शतकाच्या कवितेचें पुस्तक हातीं घ्यावें आणि त्या शतकाच्या उत्तरार्धांत घरोघर ज्यांचीं नांवें पोंचलीं ते दोन कवि त्यांत पैशांअभावीं नसावेत, ही गोष्ट केवळ व्यवहाराची म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. तेव्हांपासून काव्यसंग्रह कसा करावा व कसा वाचावा याविषयीं जे विचार मनांत घोळत राहिले, ते येथें मांडीत आहें.

इंग्रजींत अशा संग्रहाला जो शब्द आहे त्याचा ग्रीक मूळ अर्थ 'फुलें गोळा करणें' असा आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकांत मेलीॲगर नांवाच्या कवीनें जो संग्रह केला त्याला त्यानें 'माला' म्हटलें आणि त्यांतील एकेका कवीला एकेक फूल वा पान नेमून दिलें. आपल्याकडे परशुरामपंत गोडबोले यांचें 'नवनीत' १८५४ सालीं निघालें. तें नांव दुधदुभत्याच्या घरांतून आलेलें आहे, आणि त्यांत घुसळण्याचे श्रम व वर येणारा लोण्याचा गोळा या दोन्ही गोष्टी आहेत. परंतु मला या बाबतींत मराठींतले दोन साधे शब्द अधिक उपयोगी वाटतात. फुलें आपण वेंचतों. तांदूळ आपण निवडतों. वेंचणारा जें आवडेल तें उचलतो, उरलेलें झाडाखालीं तसेंच राहतें, त्याविषयीं तो कांहींच बोलत नाहीं. निवडणाऱ्याचा हात मात्र खड्यांकडे असतो. काय टाकावयाचें हें त्याला आधीं ठाऊक असावें लागतें. प्रत्येक संपादक हीं दोन्ही कामें करितो, पण त्याचा हात कोणत्या कामांत अधिक रमतो यावर त्याच्या पुस्तकाची जात ठरते.

समकालीन कवितेच्या बाबतींत ही अडचण दुणावते. पालग्रेव्हनें १८६१ सालीं आपला प्रसिद्ध इंग्रजी संग्रह केला तेव्हां हयात कवि मुळींच घ्यावयाचे नाहींत असा नेम केला. त्यायोगें तो कित्येक भांडणांतून मोकळा झाला. अमेरिकेंतील संपादकांना ही सोय नव्हती, आणि त्यांना ती नकोहि होती. शिकागोमध्यें १९१२ सालीं 'पोएट्री' मासिक काढणाऱ्या हॅरिएट मन्रो यांनीं १९१७ त नव्या कवितेचा संग्रह केला. लुई अंटरमायर याचा संग्रह १९१९ त निघाला व पुढें तो एकामागून एक आवृत्त्यांनीं वाढत गेला. या पुस्तकांचा इतिहास मनोरंजक आहे, पण मला थांबावयाचें आहे तें १९६० या सालापाशीं.

त्या वर्षीं न्यूयॉर्कच्या ग्रोव्ह प्रेसनें डोनाल्ड ॲलन यांचा 'द न्यू अमेरिकन पोएट्री : १९४५–१९६०' हा संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या तीनच वर्षें आधीं, १९५७ सालीं, डोनाल्ड हॉल, रॉबर्ट पॅक व लुई सिम्प्सन या तिघांनीं इंग्लंड व अमेरिका येथील चाळिशीच्या आंतील कवींचा एक संग्रह काढला होता आणि त्याला रॉबर्ट फ्रॉस्टनें प्रस्तावना लिहिली होती. दोन्ही पुस्तकें नव्या कवींचीं; दोन्हींच्या मध्यें अंतर तीन वर्षांचें; आणि दोहोंत एकहि कवि सामाईक नाहीं! एकाच भाषेच्या एकाच काळाचीं हीं दोन चित्रें आहेत असें कोणा परक्याला सांगितलें तर त्याचा विश्वास बसणार नाहीं. रॉबर्ट लोवेलनें १९६० सालीं एक पारितोषिक स्वीकारतांना अमेरिकन कवितेंत 'शिजवलेली' व 'कच्ची' अशा दोन पाककृतींची चढाओढ चालली असल्याचें म्हटलें, तें याच सुमारास. हॉल प्रभृतींचा संग्रह शिजवलेल्या कवितेचा होता. वृत्त, यमक, उपरोध, घासून पुसून लखलखीत केलेली प्रतिमा यांनीं तो नटलेला होता. त्यांत रिचर्ड विल्बरसारखा कवि आहे. दोरीवर वाळत घातलेले कपडे पहाटेच्या झोंपमोडींत देवदूतांसारखे दिसतात, एवढ्या क्षुल्लक प्रसंगावरून ज्यानें एक अजोड कविता लिहिली तो हा विल्बर. तेव्हां शिजवलेलें म्हणजे शिळें, असा समज वाचकांनीं करून घेऊं नये.

ॲलन यांनीं मात्र या सर्व सभ्य मंडळींकडे सरळ पाठ फिरविली. आपल्या ४४ कवींचा समान गुण कोणता, तर विद्यापीठी कवितेच्या गुणांचा त्यांनीं केलेला संपूर्ण त्याग, असें ते प्रस्तावनेंत सांगतात, आणि एझ्रा पौंड व विल्यम कार्लोस विल्यम्स यांच्या वाटेनें हे कवि चालत आहेत असेंहि सांगतात. यांतील पुष्कळशा कविता तोंवर लहान लहान मासिकांतून, चोपड्यांतून, सुट्या कागदांवरून किंवा नुसत्या हस्तलिखितांतून फिरत होत्या. ॲलन यांनीं कवींचे पांच गट पाडले. पहिला, उत्तर कॅरोलायनामधील ब्लॅक माउंटन या १९३३ त सुरू झालेल्या व १९५७ त बंद पडलेल्या छोट्या महाविद्यालयाभोंवतीं व त्याच्या नियतकालिकाभोंवतीं जमलेल्यांचा, दुसरा सॅन फ्रान्सिस्कोचा, तिसरा 'बीट' म्हणविणाऱ्यांचा, चौथा न्यूयॉर्कचा, आणि पांचवा, कोणत्याच गांवाला न बांधलेल्यांचा. ही विभागणी बरीचशी मनमानी आहे हें संपादकाला ठाऊक होतें व त्यानें तें कबूलहि केलें आहे. पण पुढें गंमत अशी झाली कीं, जी केवळ पुस्तकाची सोय होती तीच इतिहास होऊन बसली. आज अमेरिकन कवितेचा कोणताहि प्राध्यापक याच गटांनीं बोलतो, आणि विद्यापीठी कवितेला नाकारणारा हा संग्रह कॅलिफोर्निया विद्यापीठानें १९९९ सालीं पुन्हा छापला. नियतीचा विनोद असाच असतो.

पुस्तकाच्या अखेरीस कवींचीं काव्यविषयक निवेदनें दिलेलीं आहेत. त्यांत चार्ल्स ओल्सन याचा १९५० सालचा निबंध आहे. ओळीची लांबी मात्रा मोजून नव्हे, तर बोलणाऱ्याच्या श्वासावरून ठरावी, हें त्याचें मुख्य म्हणणें. हा निबंध वाचणें म्हणजे खडकाळ वाटेनें बैलगाडींतून जाणें आहे. लेखक मधूनच कंस उघडतो व तो मिटावयास विसरतो. पण मूळ विचार मराठी वाचकाला तितका परका वाटूं नये. ज्ञानेश्वरीची ओवी ज्यानें मोठ्यानें वाचली आहे, त्याला चरण कधीं आंखूड कधीं लांब होत असतांनाहि ओवी मोडत नाहीं, हा अनुभव नवा नाहीं. ओल्सनची कविता मला स्वतःला त्याच्या विचाराइतकी भावत नाहीं. संग्रह ज्या कवितेनें उघडतो ती त्याची 'द किंगफिशर्स' मी चार वेळां वाचली. दोनदां भारावून गेलों, दोनदां चिडलों. त्याचा मित्र रॉबर्ट क्रीली मात्र चार-पांच शब्दांच्या ओळींत, बोलतां बोलतां अडखळणाऱ्या माणसाप्रमाणें, नवरा-बायकोंमधील अवघडलेपण असें पकडतो कीं वाचक स्वतःच थोडा ओशाळतो.

परंतु या संग्रहांतील एकच कविता दाखवावयाची झाली तर मी फ्रँक ओहाराची 'द डे लेडी डाइड' दाखवीन. ओहारा न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत नोकरीला होता व जेवणाच्या सुटींत रस्त्यानें भटकतां भटकतां कविता लिहीत असे. १७ जुलै १९५९ या दिवशीं बिली हॉलिडे ही थोर निग्रो गायिका वारली; तिला रसिक 'लेडी डे' म्हणत. कवितेचें शीर्षक म्हणजे त्याच दोन शब्दांची उलटापालट होय, आणि तेथेंच अनुवादकाचे हात टेकतात. कवितेंत प्रथमपासून चालतें काय? एक मनुष्य शुक्रवारच्या उकाड्यांत फिरतो आहे. तो जोड्यांना पॉलिश करवितो, कांहींतरी खातो, बँकेंत जातो, संध्याकाळीं ज्यांच्याकडे जेवावयास जावयाचें त्यांच्यासाठीं पुस्तक घ्यावें कीं दारूची बाटली घ्यावी याचा विचार करितो, सिगारेटी मागतो व त्यांच्याबरोबर एक वर्तमानपत्र घेतो. त्या वर्तमानपत्रावर तिचा चेहरा आहे. नांव नाहीं, शोक नाहीं, उद्गार नाहीं. कवितेच्या अंगांत त्या गायिकेचें नांव एकदांहि येत नाहीं. फक्त शेवटीं एका रात्रीची आठवण येते. छोट्याशा जागेंत ती पियानोवाल्याच्या कानाशीं पुटपुटल्यासारखी गात होती आणि ऐकणाऱ्या सर्वांचे श्वास थांबले होते.

प्रथम वाचनीं मला ही कविता म्हणजे बाजाराच्या यादीसारखी वाटली. दुसऱ्या वाचनीं कळलें कीं ती यादीच कवितेचा प्राण आहे. मृत्यूची बातमी आपणांस कधींच योग्य वेळीं, योग्य आसनावर बसलेले असतांना मिळत नाहीं. हातांत भाजीची पिशवी असते, खिशांतून सुटे पैसे काढावयाचे असतात. ज्या क्षुल्लक व्यवहारांवर आपण एरवीं लक्षहि दिलें नसतें, ते त्या बातमीनंतर जन्मभर तपशिलासह लक्षांत राहतात. ओहारानें तो नंतरचा तपशील आधीं दिला आणि बातमी मागून दिली, एवढेंच. वृत्तबद्ध विलापिका लिहिणाऱ्या कवीला हें साधलें नसतें असें मी म्हणणार नाहीं, परंतु १९५७ च्या सभ्य संग्रहाच्या दारांतून ही कविता आंत येऊं शकली नसती हें निश्चित. दरवाजा तोडणारा कोणीतरी लागतो. ॲलन यांनीं तो तोडला, आणि गिन्सबर्गची 'हाउल', जिच्यावर १९५७ सालीं सॅन फ्रान्सिस्कोमध्यें अश्लीलतेचा खटला झाला व न्यायाधीश क्लेटन हॉर्न यांनीं जिला निर्दोष ठरविलें, तिचाहि मोठा भाग त्या दारानें आंत आणला. मर्ढेकरांवरील खटला ज्यांना आठवतो त्यांना या प्रसंगाचें मर्म सांगावयास नको.

याच गिन्सबर्गचे पाय १९६२ सालीं मुंबईला लागले. आणि १९६७ सालीं दिलीप चित्रे यांनीं मराठी कवितेचा जो इंग्रजी संग्रह मुंबईहून प्रसिद्ध केला त्याच्या शीर्षकावर १९४५ ते १९६५ अशीं वर्षें आहेत. महायुद्ध संपल्याचें सालच कवितेचें नवें वर्ष धरावें, असें दोन खंडांतील दोन संपादकांना वाटलें, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

आतां त्या तुटलेल्या दरवाजाची दुसरी बाजू. ॲलन यांच्या ४४ कवींत स्त्रिया चारच आहेत : डेनिस लेव्हर्टोव्ह, बार्बरा गेस्ट, हेलन ॲडम व मॅडेलिन ग्लीसन. निग्रो कवि एकच, लेरॉय जोन्स. ज्या ग्वेंडोलिन ब्रूक्सला १९५० सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें, आणि तें मिळविणारी जी पहिली निग्रो लेखिका, ती १९४५ ते १९६० या काळाच्या या पुस्तकांत नाहीं. तिचें सॉनेट शिजवलेलें म्हणावें, तर तिच्या शिकागोच्या गल्ल्या कच्च्यांतल्या कच्च्या आहेत. ती कोणत्याच गटांत बसली नाहीं म्हणून दोहोंच्या मधल्या फटींत पडली. बंडखोरांचीहि एक जात असते आणि तीहि आपापल्यांतच सोयरीक करिते, हें यावरून दिसतें. त्याच लेरॉय जोन्सनें आठ वर्षांनीं, १९६८ सालीं, लॅरी नील याच्याबरोबर 'ब्लॅक फायर' हा निग्रो लेखकांचा स्वतंत्र संग्रह संपादिला. १९७३ सालीं फ्लोरेन्स हाउ व एलन बास या दोघींनीं केवळ स्त्रियांच्या कवितांचा संग्रह काढला. ज्यांना पंगतींत पान मिळालें नाहीं त्यांनीं स्वतःची चूल मांडली. स्वतः ॲलन यांनीं १९८२ सालीं जॉर्ज बटरिक याच्या साह्यानें संग्रहाचें नवें रूप काढलें तेव्हां कांहीं नांवें गळलीं, डायान डी प्रिमासारखीं कांहीं आलीं. पण त्या सुधारलेल्या पुस्तकाला पहिल्याची धार नाहीं. चूक दुरुस्त झाली आणि चव गेली, असें कधीं कधीं होतें.

या पार्श्वभूमीवर डव्हबाईंचें पुस्तक पाहिलें म्हणजे त्याचा हेतु नीट समजतो. वेगवेगळ्या चुलींवरचें अन्न एका पंगतींत वाढावें, अशी त्यांची इच्छा. त्यांनीं सुमारें १७५ कवि घेतले. यावर हेलन व्हेंडलर या नामांकित टीकाकार बाईंनीं 'न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स'च्या नोव्हेंबर २०११ च्या अंकांत जो हल्ला चढविला त्यानें मोठी खळबळ उडाली. इंग्रजी कवितेच्या कोणत्याहि शतकांत वाचण्याजोगे १७५ कवि झालेले नाहींत, असा त्यांचा रोख होता. सोप्या कवितांकडे संपादिकेचा ओढा आहे, प्रस्तावनेची भाषा उथळ आहे, आणि वॉलेस स्टीव्हन्ससारख्या महाकवीला मेल्व्हिन टॉल्सनपेक्षां कितीतरी कमी पानें दिलीं आहेत, असे आक्षेप त्यांनीं घेतले. डव्हबाईंनीं त्याच पत्रांत डिसेंबरमध्यें तितक्याच आवेशानें उत्तर दिलें.

दोघीहि विदुषी, पण एकीच्या हातांत सूप आहे आणि दुसरीच्या हातांत परडी. व्हेंडलरबाई पोटतिडकीनें निवडतात. स्टीव्हन्सविषयींची त्यांची तक्रार मला पूर्णपणें मान्य आहे. ज्या कवीचा मोठेपणा त्याच्या संथ, दीर्घ, उत्तरवयांतील कवितांत आहे त्याला थोडक्या पानांत कोंबणें म्हणजे वडाचें झाड कुंडींत लावून दाखविणें आहे. परंतु त्यांचे दोन आक्षेप एकमेकांच्या पायांत पाय घालतात. संपादिकेला सोपी कविता आवडते म्हणावें, तर जागा दिली ती टॉल्सनला; आणि टॉल्सन तर संदर्भांनीं ठासून भरलेला, पंडिती, दुर्गम कवि आहे. संख्येच्या आक्षेपाविषयीं तर मला असें वाटतें कीं, शंभर वर्षें पालटलीं म्हणजे यांतले किती कवि उरतील हें आज ना व्हेंडलरबाई सांगूं शकत ना मी. शतकाच्या शेजारीं बसून शतकाचे तांदूळ निवडणाऱ्याच्या हातून खड्यांबरोबर दाणेहि जातात. ग्वेंडोलिन ब्रूक्सचा दाणा ॲलन यांच्या हातून असाच गेला. उलट डव्हबाईंचा खरा दोष परडी मोठी घेतली हा नसून, प्रत्येक फुलाला देठ ठेवावयास त्या विसरल्या हा आहे. अनेक कवींची त्यांत एकेकच कविता आहे. एका कवितेवरून कवीची ओळख होत नाहीं. फार तर रस्त्यांत नमस्कार होतो.

आणि पुन्हा तो पैशांचा प्रश्न येतोच. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें १९२३ पूर्वीं प्रसिद्ध झालेलें लेखन २०११ सालीं सर्वांना मोकळें होतें. त्यानंतरच्या बहुतेक कवितांची किंमत हक्कदारानें ठरवावयाची. म्हणजे शतकाचा पहिला पांचवा हिस्सा फुकट आणि उरलेला तोलून घ्यावयाचा. असल्या संग्रहाची निवड संपादकाइतकीच हिशेबनीस करीत असतो, हें वाचकानें ध्यानांत ठेवावें. कवीच्या मुलाबाळांना त्यांचा वाटा मिळूं नये असें कोण म्हणेल? परंतु कवीचें नांव नव्या पिढीच्या कानांवर पडतें तें बहुधा अशाच संग्रहांतून, आणि त्याच दारावर भारी जकात बसविली तर नुकसान कवीचेंच होतें. डव्हबाईंनीं त्या तीन गाळलेल्या कवींविषयीं मौन पाळलें नाहीं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहें. पुष्कळ संपादक असल्या गाळणीला रसिकतेचें नांव देऊन मोकळे होतात.

पुढच्या वर्षीं शिल्लक थोडी बरी निघाली, तेव्हां समितीपुढें मी ॲलन यांच्या संग्रहाची १९९९ ची आवृत्ति मागविण्याची सूचना ठेवली. एका सभासदांनीं, "एकाच विषयाचीं दोन पुस्तकें कशाला?" म्हणून विचारलें. मीं त्यांना दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारीं शेजारीं ठेवून दाखविल्या. ते बराच वेळ पाहत राहिले व शेवटीं सही केली. आतां डव्हबाईंच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाच्या आंतल्या बाजूस एक कागद चिकटविला आहे. त्यावर लिहिलें आहे : 'सिल्व्हिया प्लाथ : "एरियल", १९६५. स्टर्लिंग ब्राउन : "सदर्न रोड", १९३२. ॲलन गिन्सबर्ग : शेजारचें पुस्तक पाहावें.' शेजारच्या पुस्तकांतहि तसाच एक कागद आहे : 'ग्वेंडोलिन ब्रूक्स : शेजारचें पुस्तक पाहावें.' दोन्ही कागद त्या मुलीनेंच लिहिले. तिचें अक्षर माझ्यापेक्षां बरें आहे.